जोडणीचा वेग आणि वाचनाची सवय

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

ज्या गावात नळाला दिवसाआड तासभर पाणी येते, तेथील घरांत पाणी वापरण्याची एक शिस्त आपोआप तयार होते. पाणी आले की आधी हंडे, कळश्या, पिंप, बादल्या भरून घ्यायच्या. त्या तासात कोणी नळाखाली निवांत भांडी घासत बसत नाही. वापर मागाहून, साठ्यातून आणि बेताने. उलट ज्या घरात चोवीस तास नळाला पाणी असते, तेथे साठवण्याचा प्रश्नच येत नाही. लागेल तेव्हा तोटी सोडायची, नको असेल तेव्हा बंद करायची. पाणी तेच आणि तहानही तीच, परंतु पाणी येण्याची रीत बदलली की माणसांच्या वागण्याची रीत बदलते.

संगणकाच्या जाळ्यावरील वाचनाचेही असेच आहे. विशेषतः चर्चामंचावरील वाचनाचे. चर्चामंच म्हणजे अशी जागा, की जेथे एकाने विषय काढावा, इतरांनी त्याखाली आपापली मते लिहावीत आणि आणखी कोणी ती दिवसाने, महिन्याने किंवा वर्षानेही येऊन वाचावीत. मराठी संकेतस्थळांवर अशा विषयाला ‘धागा’ आणि त्याखालील मतांना ‘प्रतिसाद’ म्हणतात. हे वाचन आपण आपल्या मर्जीने करतो अशी आपली समजूत असते. पण कोणता धागा उघडायचा, तो शेवटपर्यंत वाचायचा की नाही, उत्तर लगेच द्यायचे की विचार करून, यांतील बऱ्याच गोष्टी आपल्या जोडणीच्या वेगाने आधीच ठरवलेल्या असतात. तो वेग हे कसे ठरवतो, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे : जोडणी संथ व महाग असते तेव्हा काय वाचायचे याची निवड वाचनापूर्वी होते, ती वेगवान व स्वस्त झाली की निवड वाचता वाचता होते. सवयींतील बाकीचे बरेचसे फरक या एका फरकातून निघतात.

सेकंदाला तीस अक्षरे

चर्चामंचांचा इतिहास इंटरनेट घरोघरी पोचण्याच्या कितीतरी आधी सुरू होतो. १९७८ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील शिकागो शहरात वॉर्ड क्रिस्टेन्सन आणि रँडी स्यूस यांनी आपला संगणक टेलिफोनच्या तारेला जोडून एक ‘बुलेटिन बोर्ड’ चालू केला. कॉलेजच्या सूचनाफलकासारखेच त्याचे काम. फरक एवढाच की या फलकापाशी फोन लावून जायचे. तार एकच असल्यामुळे एका वेळी एकालाच फलक वाचता येई. पुढे १९७९ मध्ये ड्यूक विद्यापीठातील टॉम ट्रस्कॉट व जिम एलिस या विद्यार्थ्यांनी ‘यूजनेट’ची कल्पना मांडली आणि १९८० मध्ये ती प्रत्यक्षात आली. यात निरनिराळ्या संस्थांचे संगणक एकमेकांना फोन करून आपल्याकडील नवे लेखन देत-घेत. हे फोन बहुधा रात्री होत, कारण रात्री दर कमी असत.

संगणकाची भाषा टेलिफोनच्या तारेवरून नेणाऱ्या यंत्राला मोडेम म्हणतात. त्या काळातील साधा मोडेम सेकंदाला ३०० बिट नेत असे. एका अक्षराला ८ बिट आणि त्याच्या आरंभी व शेवटी खुणेचा एकेक, असे १० बिट लागत. म्हणजे सेकंदाला ३० अक्षरे. आता वाचणाऱ्याचा हिशेब करू. इंग्रजी वाचणारा प्रौढ मनुष्य मनातल्या मनात मिनिटाला सुमारे २४० शब्द वाचतो. शब्दाची पाच अक्षरे आणि पुढची मोकळी जागा धरून सहा घेतली, तर मिनिटाला १,४४० आणि सेकंदाला २४ अक्षरे झाली.

मोडेम ३० अक्षरे आणी आणि डोळा २४ वाची! यंत्राचा व माणसाचा वेग इतका जवळ आलेला पुन्हा कधी दिसला नाही. पडद्यावर अक्षरामागून अक्षर उमटत जाई आणि माणूस त्यामागून वाचत जाई. ८० अक्षरांच्या २४ ओळींचा एक पडदा भरायला ६४ सेकंद लागत. अशा वेळी वरवर नजर फिरवणे शक्यच नव्हते, कारण जे अजून आलेच नाही त्यावरून नजर कशी फिरवणार? कीर्तनात बुवांच्या तोंडून पुढचा शब्द निघेपर्यंत श्रोत्याला पुढे जाता येत नाही, तसेच हे वाचन होते. ऐकावे तसे वाचायचे.

आधी भरून घ्या, मग वाचा

पुढे मोडेम सुधारले. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात २,४०० बिटांचे मोडेम अनेकांच्या आवाक्यात आले. वेग आठपट झाला, पण डोळा होता तेवढाच राहिला. येथून गंमत सुरू होते.

समजा, पाचशे शब्दांचे म्हणजे सुमारे ३,००० अक्षरांचे एक पत्र मंचावर आहे. २,४०० बिटांच्या मोडेमवर ते साडेबारा सेकंदांत येते. वाचायला मात्र दोन मिनिटे लागतात. अशी शंभर पत्रे फोन चालू ठेवून वाचायची म्हटली तर तीन तासांहून अधिक वेळ तार अडकून राहणार. तीच नुसती उतरवून घ्यायची म्हटली तर एकवीस मिनिटांत काम होते. मग शहाणा मनुष्य काय करील? पत्रे उतरवून घेईल, फोन ठेवून देईल आणि सावकाश वाचील. उत्तरेही फोन बंद असतानाच लिहून ठेवील आणि दुसऱ्या दिवशी एकदम पाठवील. दिवसाआड येणाऱ्या पाण्याचाच हा हिशेब झाला.

यासाठी खास प्रोग्रॅम निघाले. ते मंचावरून नव्या पत्रांचे गाठोडे आणीत व पाठवायच्या उत्तरांचे गाठोडे नेत. १९८४ मध्ये टॉम जेनिंग्ज यांनी सुरू केलेल्या ‘फिडोनेट’ने तर गावोगावचे बुलेटिन बोर्डच असे जोडले. रात्रीच्या ठरावीक वेळी हे संगणक एकमेकांना फोन करीत. सार्वजनिक चर्चा त्यावरून फिरू लागल्या, तेव्हा दूरच्या गावी लिहिलेले मत आपल्यापर्यंत पोचायला एक-दोन दिवस लागणे ही सामान्य गोष्ट होती.

येथे एक बारकावा लक्षात घेण्याजोगा आहे. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी गावातल्या गावात केलेल्या फोनला मिनिटागणिक पैसे पडत नसत. इंग्लंडमध्ये मात्र स्थानिक फोनलाही वेळेप्रमाणे आकार होता. परिणामी फोन ठेवून वाचण्याची पद्धत इंग्लंडमध्ये अधिक घट्ट रुजली. १९८७ पासून तेथे चाललेल्या ‘सिक्स’ या चर्चासेवेचे सभासद अशा प्रोग्रॅमांशिवाय वाचनाची कल्पनाही करीत नसत. मोडेम दोन्हीकडे सारखेच होते, पण सवयी वेगळ्या झाल्या. म्हणून नुसता वेग पाहून भागत नाही. त्या वेगाला मिनिटाला काय मोल पडते हेही पाहावे लागते. या लेखात मी ‘संथ’ म्हणते तेव्हा ‘संथ आणि महाग’ असा अर्थ घ्यावा.

संथ जोडणीचे शिष्टाचार

माणसे जेथे एकत्र येतात तेथे चालीरीती निर्माण होतात. संथ जोडणीवर जमलेल्या मंडळींनीही आपले शिष्टाचार ठरवले, आणि त्यांतील एकेकाचे मूळ शोधत गेलो तर ते तारेच्या वेगातच सापडते.

पहिला शिष्टाचार मथळ्याचा. पूर्ण पत्र आणण्याआधी वाचक फक्त मथळे पाही आणि त्यांवरून निवड करी. म्हणून ‘मदत हवी’ असा मोघम मथळा देणाऱ्याला कानउघाडणी ऐकावी लागे. काय विचारायचे आहे ते मथळ्यातच आले पाहिजे, असा दंडक होता.

दुसरा शिष्टाचार अवतरणाचा. यूजनेटवर पत्रे एका संगणकाकडून दुसऱ्याकडे अशी टप्प्याटप्प्याने जात. त्यामुळे कधी कधी मूळ प्रश्नाआधी त्याचे उत्तरच येऊन थडके! म्हणून उत्तर देणाऱ्याने मूळ पत्रातील नेमक्या ओळी बाणासारखी खूण करून वर द्याव्यात आणि त्याखाली आपले म्हणणे मांडावे, अशी पद्धत पडली. नेमक्याच ओळी, सगळे पत्र नव्हे. कारण ते पुन्हा वाहून नेण्याचा खर्च इतरांना पडणार. या एका पद्धतीचा वाचनावर मोठा परिणाम झाला. कोणत्या वाक्याला आपण उत्तर देत आहोत हे दाखवायचे, तर ते वाक्य आधी नीट वाचावे लागते!

तिसरा शिष्टाचार आखडत्या हाताने लिहिण्याचा. १९८४ मध्ये लॅरी वॉल यांनी यूजनेट वाचण्यासाठी लिहिलेल्या प्रोग्रॅमच्या जोडीला पत्र पाठवण्याचीही सोय होती. ती पत्र पाठवण्याआधी लेखकाला बजावीत असे, की हे हजारो संगणकांवर जाणार आहे आणि त्यासाठी शेकडो, कदाचित हजारो डॉलर खर्च होणार आहेत. नक्की पाठवायचे ना? ऑक्टोबर १९९५ मध्ये जाळ्यावरील शिष्टाचारांची एक नियमावली प्रसिद्ध झाली. तीतही पत्राखालची सही चार ओळींपेक्षा मोठी नसावी असे सांगितले असून कारण हेच दिले आहे : अनेकजण जोडणीचे पैसे मिनिटावर मोजतात.

या साऱ्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. संथपणामुळे सगळे शांत व विचारी झाले असे मुळीच नाही. यूजनेटवरची भांडणे प्रसिद्ध होती. शिवाय रात्री उत्तर लिहून सकाळी पाठवावे, तर तोवर दहा जणांनी तेच उत्तर दिलेले असे. तरीही एक गोष्ट खरी, की भांडणारादेखील दुसऱ्याचे वाक्य समोर ठेवून भांडत होता.

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात वेबवरचे चर्चामंच आले आणि अक्षरांबरोबर चित्रेही आली. ५६ हजार बिटांच्या मोडेमवर प्रत्यक्षात सेकंदाला पाच किलोबाइट आले तरी पुष्कळ. दीडशे किलोबाइटांच्या एका छायाचित्राला अर्धे मिनिट लागे. तेव्हा पुष्कळ चित्रे असलेल्या धाग्याच्या मथळ्यातच ‘५६-के वाल्यांनी सांभाळून’ अशा अर्थाचा इशारा लिहिण्याची पद्धत होती. संथ जोडणीवाला आपल्यात आहे, याची ती जाहीर दखल होती. वाचकांनीही युक्त्या काढल्या. चित्रे बंद करून ठेवायची. एक पान वाचत असतानाच पुढची चार पाने मागे उघडत ठेवायची. लांबलचक धाग्याचे पहिले व शेवटचे पान तेवढे वाचायचे. या शेवटच्या युक्तीमुळे मधल्या पानांवर येऊन गेलेला प्रश्न पुनः पुन्हा विचारला जाई आणि जुनी मंडळी वैतागत.

मराठी अक्षरांचे वजन

आपल्या देशात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सामान्य लोकांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. त्यापूर्वी ही सोय मुख्यतः ‘अर्नेट’ या जाळ्यावरील शिक्षण व संशोधन संस्थांपुरती होती, मुंबईतील एन.सी.एस.टी. व आय.आय.टी. या त्यांतल्याच. सार्वजनिक सेवा आली तरी तासांच्या हिशेबाने पैसे भरायचे आणि टेलिफोनचे बिल निराळे. म्हणजे इंग्लंडसारखीच स्थिती. किंबहुना आपल्या मिळकतीच्या मानाने अधिक कठीण.

मराठी वाचकाला यावर आणखी एक अडचण होती. १९९० च्या दशकात यूजनेटवर मराठी भाषकांचा स्वतंत्र गट होता, परंतु तेथे मराठी लिहायची तर रोमन लिपीत. ती वाचताना डोळ्याचा वेग आपोआप मंदावे. ‘के-ए-एल’ या तीन रोमन अक्षरांत काल आहे, काळ आहे, कल आहे की कळ, हे मागचापुढचा संदर्भ पाहूनच ठरवायचे. मनातल्या मनात उच्चार केल्याशिवाय वाक्य लागत नसे. पुढे देवनागरी आली तरी निरनिराळी संकेतस्थळे आपापले फाँट वापरीत. तो फाँट आपल्या संगणकावर नसेल तर पानभर निरर्थक खुणा दिसत. संथ जोडणीवर फाँट उतरवून घेणे म्हणजे वाचनाआधीचे प्रवेशशुल्कच होते.

अशाही स्थितीत १९९६ मध्ये ‘मायबोली’ सुरू झाली. पुढे युनिकोडमुळे सर्व यंत्रांना एकच देवनागरी कळू लागली, आणि २००४ मध्ये ‘मनोगत’ व २००७ मध्ये ‘मिसळपाव’ अशी संकेतस्थळे आली. परदेशी राहणारा आणि गावात राहणारा मराठी माणूस एकाच धाग्यावर लिहू लागला, ही गोष्ट लहान नव्हे.

युनिकोडच्या प्रचलित पद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, तर देवनागरीतील प्रत्येक वर्ण, काना, वेलांटी आणि हलन्त यांना तीन-तीन. ‘विद्यार्थी’ या शब्दात असे दहा घटक आहेत. म्हणजे ३० बाइट! १९७८ चा मोडेम आज लावला तर हा एक शब्द आणायला त्याला पुरता एक सेकंद लागेल. अर्थात मजकूर दाबून लहान करून पाठवण्याची सोय असल्यामुळे प्रत्यक्षातील फरक बराच कमी होतो. शिवाय चित्रांच्या मानाने अक्षर, मग ते कोणत्याही लिपीचे असो, अगदी हलके. या शेवटच्या मुद्द्याकडे मला पुन्हा यायचे आहे.

थांबणे संपले

२००४ च्या ब्रॉडबँड धोरणात आपल्याकडे सेकंदाला २५६ हजार बिट म्हणजे ब्रॉडबँड अशी व्याख्या होती. २०१३ मध्ये ती मर्यादा ५१२ हजार झाली आणि २०२३ मध्ये २० लाख. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाल्यावर मोबाइलवरचा डेटा एकदम स्वस्त झाला, आणि ऑक्टोबर २०२२ पासून ५-जी आले. व्याख्येतील किमान २० लाख बिट जरी धरले तरी सेकंदाला अडीच लाख बाइट होतात. पहिल्या मोडेमच्या आठ हजार पटींहून अधिक. डोळा मात्र अजूनही सेकंदाला पंचवीस अक्षरांच्या आसपासच आहे.

तेव्हा आता थांबायचे ते जोडणीने नव्हे, तर वाचणाऱ्याने. आणि थांबण्याची माणसाची तयारी किती असते? याकोब नील्सन या अभ्यासकांनी १९९३ च्या आपल्या पुस्तकात तीन मर्यादा दिल्या आहेत. उत्तर एक दशांश सेकंदात आले तर ते तत्क्षणी आले असे वाटते; एका सेकंदापर्यंत विचाराची साखळी तुटत नाही; दहा सेकंदांपलीकडे गेले की लक्ष दुसरीकडे जाते. आता पान सेकंदाच्या आत उघडते. म्हणून ‘उघडून तर पाहू, नको वाटले तर मागे येऊ’ असा वाचनाचा स्वभाव बनतो. संथ जोडणीवर ज्याला धागा उघडण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा लागे, त्याला आता विचार करण्याचे कारणच उरले नाही. निवड वाचनाआधी होत होती ती वाचनात शिरली. आणि एकाच वेळी वाचणे व सोडून द्यावे का ते ठरवणे, अशी दोन कामे मन करू लागले.

मंचांची रचनाही बदलली. पूर्वी पानाला शेवट असे. ‘पुढील पान’ असे दाबावे लागे. तेवढ्या थांबण्यात ‘पुरे आता’ असे म्हणायला जागा होती. २००६ मध्ये अ‍ॅझा रॅस्किन यांनी, खाली सरकवत गेले की मजकूर आपोआप येत राहील, अशी न संपणाऱ्या पानाची रचना केली. जोडणी वेगवान असल्याशिवाय ही रचना चालूच शकत नाही, हे ध्यानात घ्यावे.

प्रतिसादांचा क्रमही वेळेवरून न लागता मतांवरून लागू लागला. ज्याला वाचकांची मते अधिक तो वर. यात एक गोम आहे. जो आधी येतो त्याला आधी मते मिळतात. मते मिळाली की तो वर जातो. वर गेला की आणखी लोक त्यालाच वाचतात. ‘रेडिट’ या मंचावर हा दोष जाणवला तेव्हा २००९ मध्ये तेथे क्रम लावण्याची नवी पद्धत आणली गेली. थोडीच मते पडलेल्या पण बहुतेक अनुकूल असलेल्या उशिराच्या प्रतिसादालाही वर येण्याची संधी मिळावी, असे संख्याशास्त्राचे गणित तीत आहे. एका मंचाला गणित बदलावे लागले, यावरून लवकर येण्याचे मोल केवढे वाढले होते ते दिसते. आणि लवकर कोण येणार? ज्याची जोडणी वेगवान व अखंड तोच!

दोन वेगांत राहणारे

आतापर्यंत मी संथ जोडणी जणू भूतकाळात जमा झाली अशा थाटात लिहिले. वस्तुस्थिती तशी नाही. आमच्या वर्गात असे अनेकजण आहेत, की जे आठवड्याचे पाच-सहा दिवस एका वेगात आणि सुट्टीत दुसऱ्या वेगात राहतात. मी त्यांतलीच. आमचे गाव डोंगराच्या पोटाशी आहे. घरात फोनला रेंज एखादी काडी, तीही येऊन-जाऊन. शाळेच्या मागच्या चढावर गेले की बरी येते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. एखाद्या कवितेचा अर्थ, एखाद्या लेखकाबद्दलचा वाद, एखादी संज्ञा घरी कोणाला विचारावी अशी सोय नाही. आईवडिलांनी शेतावर राबून मला शिकायला ठेवले, तेच मोठे. तेव्हा मराठी संकेतस्थळांवरील पुस्तकांविषयीच्या जुन्या चर्चा माझ्यासाठी दुसरा वर्ग ठरल्या आहेत. म्हणूनच हा विषय मला नुसता यंत्राचा वाटत नाही.

गावी असताना मी चढावर जाऊन निवडक सात-आठ धागे उघडून ठेवते आणि रात्री घरी ते वाचते. त्यांतला एकेक शेवटच्या प्रतिसादापर्यंत वाचून होतो, कारण हाताशी दुसरे काही नसते. पटले नाही ते वहीत लिहून ठेवते. वसतिगृहात वायफाय आहे. तेथे एका संध्याकाळी कितीतरी अधिक धागे उघडले जातात आणि बहुतेकांतले वरचे चार प्रतिसाद वाचून होतात. वाचणारी तीच, फोन तोच, विषयही तेच.

पण यावरून ‘संथ तेच चांगले’ असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. वसतिगृहात एखादा शब्द अडला तर क्षणात शब्दकोश उघडता येतो. कोणी एखाद्या पुस्तकाचा हवाला दिला तर तो खरा की खोटा हे तेथल्या तेथे पाहता येते. ज्याच्या घरी पुस्तकांचे कपाट नाही त्याला ही केवढी मोठी सोय आहे! गावी ज्या प्रतिसादाला मी मान डोलावते, त्यातील चूक पुष्कळदा वसतिगृहात परतल्यावरच कळू शकते. संथ जोडणीने वाचन सखोल होते हे खरे, परंतु वाचलेले पडताळून पाहणे वेगाशिवाय होत नाही.

आणि संथ जोडणीचा खरा तोटा वाचनात नव्हे, बोलण्यात आहे. मी रविवारी वहीत लिहिलेले उत्तर सोमवारी मंचावर टाकावे, तोवर चर्चा दुसऱ्याच विषयावर गेलेली असते. यूजनेटच्या काळी सगळेच उशिरा येत, त्यामुळे उशिरा येणे हा उणेपणा नव्हता. आज काही वेगात आहेत आणि काही संथ. सभेला सर्वांना बोलावले, पण काहींना सभा उठल्यावर दार उघडले, असा हा प्रकार आहे. न बोलणाऱ्याला मत नाही असे समजले जाते. पुष्कळदा त्याला फक्त रेंज नसते.

आपल्या हातातील गोष्टी

मनोरे कोठे उभारावेत हे आपण ठरवू शकत नाही. काही गोष्टी मात्र आपल्या हातात आहेत.

हल्ली प्रत्येक वर्गाचा मोबाइलवर गट असतो. त्यावर पुष्कळदा टंकलिखित सूचनेचे छायाचित्र काढून पाठवले जाते. सहाशे अक्षरांची सूचना मजकूर म्हणून पाठवली तर ती दोन किलोबाइटांतही मावते. तिचेच छायाचित्र दीडशे-दोनशे किलोबाइटांचे. म्हणजे जवळजवळ शंभरपट. सेकंदाला पाच किलोबाइट मिळणाऱ्या जोडणीवर मजकूर अर्ध्या सेकंदात येतो, छायाचित्राला चाळीस सेकंद लागतात. आणि मध्येच रेंज गेली तर ते येतच नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्याची शेवटची तारीख त्या छायाचित्रात असेल, तर हा प्रश्न चाळीस सेकंदांचा राहत नाही. छायाचित्र जरूर पाठवावे. पण त्याखाली तारीख, जागा व काम या तीन ओळी लिहाव्यात. चार ओळींच्या सहीचा नियम करणाऱ्यांनी हेच तर सांगितले होते, की आपल्या लिहिण्याचा खर्च दुसऱ्याला पडतो.

दुसरी गोष्ट, वर्गाच्या गटावर एखाद्या प्रश्नाची चर्चा झाली तर तिचा निर्णय त्याच रात्री होऊ नये. एक दिवस थांबावे. सहलीचे ठिकाण असो की हस्तलिखिताचा विषय, गावाहून ये-जा करणाऱ्यांचे मत दुसऱ्या दिवशी सकाळी एस.टी.तून उतरते!

तिसरी गोष्ट वेगवान जोडणीवाल्यांसाठी, म्हणजे आठवड्यातील पाच दिवस माझ्यासाठीही. संथ जोडणीने लावलेली शिस्त वेगात असताना आपण होऊन पाळता येते. धागे आधी निवडावेत, थोडेच उघडावेत, नेट बंद करून वाचावेत, आणि उत्तर देताना ज्या वाक्याला उत्तर देत आहोत ते वर उतरवून घ्यावे. सक्ती नसताना हे जड जाते, हे खरे. म्हणून ते प्रयत्नाने करावे लागते. पडताळणी करायची वेळ आली की मग नेट पुन्हा चालू करावे.

माझ्या वहीत अजून अशी काही उत्तरे आहेत, की जी लिहून झाली तेव्हा धागे थंडावले होते. ती मी मंचावर टाकणारच आहे. जुन्या धाग्यावरचा उशिराचा प्रतिसाद शोधत येणारे कोणी ना कोणी असते. मी स्वतः तशीच तेथे पोचले.